तानसाकाठी एक रात्र: गरम कुंडं, तंबू आणि खर्च

ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाला वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत. एका बाजूला तुंगारेश्वरचं जंगल, दुसऱ्या बाजूला तानसा अभयारण्य, आणि मधल्या पट्ट्यात जमिनीतून आपोआप वर येणारं गरम पाणी. मुंबईपासून अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. थंडीत एखादी रात्र तंबूत काढावी, पहाटे कुंडात अंग शेकावं आणि दुपारपर्यंत घरी परतावं, एवढं जवळ. गेल्या काही वर्षांत या भागात कॅम्प साइट उभ्या राहिल्या, शेतघरांनी अंगणं भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर दरांचा गोंधळही सुरू झाला. एकाच प्रकारच्या तंबूला एक जण माणशी आठशे सांगतो, दुसरा दोन हजार. म्हणून जाण्याआधी कशाचे पैसे द्यायचे आणि कशाचे नाहीत, हे नीट समजून घेतलेलं बरं.

पहिली गोष्ट, गरम पाण्याला पैसे पडत नाहीत. पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांमधून खोलवर मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांवाटेच पुन्हा वर येतं. इथे ज्वालामुखी जागा आहे असा समज बरेच जण करून घेतात, तसं काही नाही. पालघरपासून थेट राजापूरपर्यंत, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी अशी ही गरम झऱ्यांची माळ कोकणपट्टीत आहे. अकलोलीला रामेश्वराच्या देवळाजवळ आणि नदीच्या पात्रात बांधलेली कुंडं आहेत, गणेशपुरीला भीमेश्वराच्या देवळासमोर. पाण्याची उष्णता कुंडागणिक वेगळी, साधारण ४३ ते ५५ अंश सेल्सियस. शेजारशेजारच्या दोन कुंडांत एकात आरामात बसता येतं आणि दुसऱ्यात पाऊलही टेकवत नाही, इतका फरक असतो. सार्वजनिक कुंडांवर कुणी 'एंट्री'चे पैसे मागितले तर पावती मागा. पावती मिळत असेल तर ती देवस्थानाची किंवा ग्रामपंचायतीची आहे ना, ते वाचा आणि खुशाल द्या. स्वच्छतेला ते लागतातच.

अकलोलीला काही लॉजवाले आणि घरगुती व्यावसायिक तेच पाणी बंद न्हाणीघरातल्या टबात सोडून देतात. माणशी शंभर-दोनशे रुपये घेतात. ज्या बायकांना उघड्यावर अंघोळ नको असते, ज्यांचे गुडघे पायऱ्या उतरू देत नाहीत, त्यांच्यासाठी हे पैसे वसूल आहेत. एक अट मात्र ठेवा: टब तुमच्यासमोर रिकामा करून, घासून, पुन्हा भरायला सांगा. भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि कुणी कुरकुर करत असेल तर पैसे न देता बाहेर पडा.

मग पैसे जातात कुठे? रात्रीला. आणि रात्रीचा भाव ठरतो तो वारावर. शुक्रवार-शनिवारी कॅम्प साइटचा दर सध्या माणशी साधारण १२०० ते २००० रुपये असतो. त्यात तंबू, गादी-पांघरूण, संध्याकाळचा चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे एवढं धरलेलं असतं. तीच जागा मंगळवारी-बुधवारी ८०० ते १२००ला मिळते, आणि घासाघीस केली तर मुलांचे अर्धेच लागतात. माझं स्पष्ट मत असं, की शांतता हवी असेल तर शनिवारी या भागात तंबूवर पैसे घालूच नयेत. शनिवारच्या दोन हजारांत तुम्हाला स्पीकर, जनरेटर आणि शेजारच्या तंबूतला वाढदिवस मिळतो. बुधवारच्या हजारात रातकिडे ऐकू येतात. एक दिवस रजा टाकणं हाच इथला सर्वांत किफायतशीर खर्च आहे.

तारीख ठरवताना पंचांगही बघा. चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची यात्रा, नवरात्रात देवीला गर्दी, गुरुपौर्णिमेला आणि ऑगस्टमध्ये नित्यानंद महाराजांच्या पुण्यतिथीला गणेशपुरीत भाविकांची रीघ. चिमाजी अप्पांनी वसई घेण्याआधी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९मध्ये वसई पडल्यावर देऊळ बांधून तो फेडला गेला, अशी इथली परंपरा सांगते. तेव्हा गर्दी ही या देवीची जुनी मिळकत आहे, तिच्याबद्दल तक्रार नको. आपण आपली तारीख बदलावी. पावसाळा पूर्ण टाळा. तानसा भरून वाहू लागली की पात्रातली कुंडं पाण्याखाली जातात, काठ निसरडे होतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम.

जागा पक्की करण्यापूर्वी फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका. एकूण तंबू किती आणि संडास किती? दहा तंबूंना दोन संडास असतील तर सकाळी रांग लागणार हे धरून चला. बायकांच्या न्हाणीला आतून कडी आहे का? तंबू उघड्या मातीवर की चौथऱ्यावर? संगीत किती वाजता बंद होतं? ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे 'आमच्याकडे रात्रभर धमाल' असं कुणी सांगितलं तर तो नियम मोडण्याची कबुली देतो आहे. बार्बेक्यू 'माणशी' म्हणजे किती तुकडे? शाकाहाऱ्याला पनीरचे तेवढेच मिळतात का? जेवण एकदाच वाढतात की पोटभर? आणि सर्वांत महत्त्वाचं, जमीन कुणाची? सातबारा असलेली खासगी जमीन आहे की वनखात्याची?

हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. तानसा आणि तुंगारेश्वर ही दोन्ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मुक्काम तर नाहीच, आणि आग लावणं हा गुन्हा आहे. राखीव जंगलात शेकोटी पेटवण्याला १९२७च्या भारतीय वन कायद्यानेही बंदी आहे. तानसा धरणाच्या काठावर 'सिक्रेट स्पॉट' दाखवतो म्हणून कुणी माणशी पाचशे मागत असेल तर तो तुम्हाला दंड विकतो आहे. ते मुंबईचं पिण्याचं पाणी आहे, १८९२पासून. बिबट्या या जंगलांत आहे आणि त्याची वाट आपण अडवायचं कारण नाही. खासगी कॅम्पही जंगलाच्या कडेला असतो, तेव्हा उरलेलं अन्न तंबूबाहेर टाकू नका. त्यावर कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

कॅम्प साइटपेक्षा मला स्वतःला शेतकऱ्याच्या अंगणातला मुक्काम जास्त पसंत आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२०मध्ये आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेली केंद्रं आहेत; नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हटलं तर खऱ्या केंद्रचालकाला राग येत नाही. अंगणात स्वतःचा तंबू लावायचे माणशी २०० ते ३०० रुपये, घरचं शाकाहारी जेवण दीडशेच्या आसपास, गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी हवी असेल तर अडीचशे-तीनशे. चुलीवरून उतरलेली ती भाकरी पांढरीशुभ्र, कडेला जरा करपलेली, आणि हातात धरवत नाही इतकी गरम असते. एका भाकरीत पोट निम्मं भरतं, म्हणून आधीच किती हव्यात ते सांगा, नाहीतर घरच्या बाईला पुन्हा पीठ मळायला लावता. कोंबडी हवी असेल तर दुपारीच सांगावं लागतं. तंबू लावल्यावर तिथले लोक एकदा येऊन जमीन बघून जातात. वारूळ, बीळ, गुरांची वाट कुठे आहे ते त्यांना माहीत असतं. त्यांनी 'इथे नको, तिकडे घ्या' म्हटलं तर वाद घालू नका.

तंबू विकत घ्यायचा की भाड्याने? पहिल्या वेळी भाड्यानेच. दोन-तीन माणसांचा बरा तंबू २५०० ते ४५०० रुपयांना पडतो, स्लीपिंग बॅग १२०० ते २५००, खाली अंथरायची मॅट तीन-पाचशे. दोघांसाठी सहा हजारांच्या पुढे सहज जातं. मुंबई-ठाण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे तंबू रात्रीला २०० ते ४०० आणि बॅग-मॅट मिळून माणशी दोनशेच्या आत मिळते. अनामत वेगळी, ती परत येते. भाड्याचा तंबू दुकानातच एकदा उभा करून बघा. झिप वरपासून खालपर्यंत चालवा, दांड्या मोजा, जाळीला भोक आहे का ते उजेडाकडे धरून बघा. वर्षात तीन-चारदा जाणार असाल तरच विकतचा परवडतो.

प्रवासात बचत करायला भरपूर वाव आहे. एसटीने जायचं तर पश्चिम रेल्वेने वसई रोड, तिथून वज्रेश्वरी-गणेशपुरीची गाडी. अंतर तीसेक किलोमीटर, साध्या गाडीचं तिकीट पन्नास-पंचावन्न रुपयांच्या घरात. बायकांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. ठाणे, कल्याण, भिवंडीहूनही गाड्या आहेत. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारून ठेवा. ती चुकली तर रिक्षावाला एकट्याकडून सात-आठशे सहज मागतो.

स्वतःच्या गाडीने अहमदाबाद महामार्गाने जाऊन शिरसाड फाट्याला उजवीकडे वळा. मुंबईच्या वेशीवरचा टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४पासून माफ आहे, आणि खानिवड्याचा टोलनाका शिरसाडच्या पुढे असल्याने तोही लागत नाही. जाऊन-येऊन आणि गावांत फिरून १८० किलोमीटर धरा. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला बारा लिटर, म्हणजे १०५च्या भावाने साधारण १२६० रुपये. भिवंडी-अंबाडी मार्गे अंतर वाचेल असं नकाशा सांगेल, पण भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे आणि गोदामांचे ट्रक लक्षात घेता वाचलेलं पेट्रोल टायरवर जातं.

आता बेरीज. दोन मैत्रिणी, आठवड्यातला दिवस, लोकल आणि एसटी, भाड्याचा तंबू, अंगणातला मुक्काम, रात्रीचं जेवण आणि न्याहारी, अंघोळ सार्वजनिक कुंडात: माणशी १२०० ते १४००. दोन मोठे आणि दोन मुलं, स्वतःची गाडी, शनिवारची मध्यम कॅम्प साइट: पेट्रोल १२६०, कॅम्प साडेचार हजारांच्या आसपास, दोन दुपारची जेवणं मिळून १२०० ते १४००, टब, पार्किंग आणि चहा पाचशे, म्हणजे साडेसात ते आठ हजार. हेच कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत अधल्या-मधल्या वारी गेलं तर दीड-दोन हजार वाचतात. कुठल्याही हिशेबात पाचशेची नोट वेगळी ठेवा, सुट्टी करून. गावात नेटवर्क जातं-येतं आणि यूपीआय ऐनवेळी अडतं.

काही खर्च कधीच कापू नयेत. चांगली विजेरी आणि तिचे जादा सेल, अंधारात पाऊल टाकताना बूट. फुरसं आणि मण्यार या भागात आहेत. सर्पदंश झाला तर मांत्रिक, चिरा, आवळपट्टी यांत वेळ न घालवता १०८ला फोन. ती रुग्णवाहिका मोफत असते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत मुळीच घेऊ नका. बंद तंबूत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. त्यापेक्षा शंभर रुपये जादा देऊन आणखी एक पांघरूण मागून घ्या. पिण्याचं पाणी घरून किंवा सीलबंद. नदीचं नको, कुंडाचं तर नकोच.

कुंडात उतरण्याची रीतही लक्षात असू द्या. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर. दहा मिनिटं पुरतात. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पोटात दारू असताना अजिबात उतरू नका. डोकं बुडवू नका, मुलांना नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो, विरळा असला तरी जीवघेणा. चांदीचे पैंजण काढून ठेवा, काळे पडू शकतात. साबण, शाम्पू कुंडात नको. सकाळी सहाच्या सुमाराला अकलोलीच्या पायऱ्यांवर गावातल्या बायका आधी बाहेरच तांब्याने अंग धुतात, मगच पाण्यात शिरतात. तळातून बुडबुडे येत असतात तिथे पाणी सर्वांत कडक असतं, म्हणून त्या ती बाजू सोडून बसतात. त्यांच्याकडे बघून शिका. पायऱ्यांच्या सांध्यांत शाम्पूच्या पुड्यांचे फाटलेले कोपरे अडकलेले दिसतात, ते आपल्यासारख्या पाहुण्यांनीच टाकलेले असतात. चार उचलून पिशवीत टाकायला काही खर्च येत नाही.

पैसे देण्याची पद्धत सांभाळा. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि ती देण्याआधी मालकाला व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा. दुसऱ्याच्या जागेचे फोटो लावून क्यूआर कोड पाठवणारे भामटे सुट्ट्यांच्या हंगामात हटकून असतात. काय काय मिळणार, कुणी रद्द केलं तर किती परत, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक हवाच. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा-व्यावसायिकाला ही नोंदणी सक्तीची नाही, पण मग त्याला कर आकारताही येत नाही. ठरलेलं मिळालं नाही तर तिथेच फोटो काढा, मालकाला लेखी कळवा, आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुमचा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर आणि पैसे पाठवल्याची नोंद तिथे पुरावा म्हणून चालते.