जिंजीची वाट

पाठाविषयी : मराठ्यांच्या राज्याचा कारभार काही वर्षे तमिळ मुलखातून चालत होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चेन्नईहून त्या स्थळाकडे जाणारी वाट आणि तिच्या टोकाला घडलेला इतिहास यांची ओळख या पाठातून होईल.

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात तंबू चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचे मंदिर आहे. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज या देवीच्या दर्शनास आले होते, असे मंदिराची परंपरा सांगते. त्याच वर्षी महाराजांनी येथील इंग्रजांकडे माणसे पाठवून विषावरील उतारे व औषधे मागविली होती आणि इंग्रजांनी ती भेट म्हणून देण्याचे ठरविले होते. मात्र त्या दक्षिण मोहिमेतील सर्वांत मोलाची प्राप्ती या शहरात नव्हती. ती होती नैर्ऋत्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर, जिंजीस.

चेन्नईहून निघालेली बस तांबरम मागे टाकून चेंगलपट्टूला येते. पुढे पालार नदी लागते. वर्षातील बराच काळ तिच्या रुंद पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. मदुरांतकमचा विस्तीर्ण तलाव आणि त्याच्या आसपासची भातशेती ओलांडली की तिंडिवनम येते. येथे मोठा रस्ता सोडून पश्चिमेकडे वळावे लागते. वाहनांची गर्दी विरळ होते. भुईमुगाची शेते, ताडाची उंच झाडे, गावाच्या सीमेवर अय्यनार देवाचे मातीचे घोडे, उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे विकणाऱ्या बाया, असे दृश्य वारंवार दिसते. महाराष्ट्रातून आलेला प्रवासी येथे ‘जिंजी’ म्हणून चौकशी करतो, तेव्हा ऐकणारा क्षणभर थबकतो. कारण तमिळमध्ये या गावाचे नाव ‘सेंजी’ आहे.

गाव येण्यापूर्वीच डोंगर दिसू लागतात. ते सह्याद्रीसारखे नाहीत. सह्याद्रीचा कडा सलग तुटलेला असतो. येथे मात्र कोणी प्रचंड धोंडे एकावर एक रचून ठेवावेत, तशा ग्रॅनाइटच्या राशी उभ्या आहेत. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्यांना सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या तटाने एकत्र गुंफले आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये हा किल्ला विजापूरकरांच्या अंमलातून घेतला आणि त्याची तटबंदी भक्कम केली. रायगडापासून इतक्या दूर एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न तेव्हा कोणास पडला असेल, तर त्याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले.

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध केला. त्याच महिन्यात रायगडास मोगलांचा वेढा पडला. राजाराम महाराज तेव्हा १९ वर्षांचे होते. ते रायगडाबाहेर पडले आणि प्रतापगडमार्गे पन्हाळ्यास पोहोचले. परंतु तेथेही शत्रू येऊन भिडला. राजा सापडला तर राज्यच बुडणार होते. म्हणून सप्टेंबर १६८९ मध्ये मोजक्या सोबत्यांसह त्यांनी पन्हाळा सोडला. अंगावर लिंगायत यात्रेकरूंचा वेष होता. मोगल पाठलागावर होते. अशा वेळी केळदीच्या राणी चेन्नम्मा यांनी त्यांना आपल्या राज्यातून सुखरूप वाट करून दिली आणि त्यापायी औरंगजेबाचे सैन्य स्वतःवर ओढवून घेतले. परमुलखातील एका राणीने असा धोका पत्करावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

बंगळूरच्या मुक्कामात तर घात होण्याची वेळ आली. एका यात्रेकरूचे पाय सेवक मोठ्या अदबीने धुतो, हे पाहून लोकांना संशय आला, असे सांगतात. राजाराम महाराज निसटले. खंडो बल्लाळ मागे थांबले, पकडले गेले आणि मारहाण सोसूनही त्यांनी तोंड उघडले नाही. पुढे वेल्लोर गाठून नोव्हेंबरच्या सुमारास महाराज जिंजीस पोहोचले. त्याच नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या हाती सापडले.

१६९० मध्ये झुल्फिकारखानाने जिंजीस वेढा घातला. तो अधूनमधून ढिला पडत सुमारे सात वर्षे चालला. अंतर हेच येथे मराठ्यांचे शस्त्र ठरले. मोगलांना धान्य आणि पैसा फार दुरून आणावा लागे. संताजी घोरपडे व धनाजी जाधव त्यांच्या पिछाडीवर तुटून पडत. १६९३ च्या आरंभी तर खानाला वेढा उठवून वांदिवाशला माघार घ्यावी लागली. अखेर १६९८ मध्ये किल्ला मोगलांनी घेतला, परंतु राजाराम महाराज त्यापूर्वीच निसटून महाराष्ट्राकडे निघाले होते. याच वेढ्याच्या काळात कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. मराठी गद्यातील हे महत्त्वाचे शिवचरित्र असे तमिळ भूमीवर जन्मास आले.

आजचे जिंजी हे तालुक्याचे लहान गाव आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले; त्यांतील महाराष्ट्राबाहेरचा एकच किल्ला तो हा. राजगिरीची चढण दमविणारी आहे, म्हणून उन्हाच्या आधी निघावे. माथ्याजवळ कडा दुभंगून एक खोल घळ पडली आहे. पूर्वी तिच्यावर लाकडी पूल असे; तो काढून घेतला की वर जाण्याची वाट उरत नसे. घळ ओलांडून माथ्यावर पोहोचल्यावर खाली भाताची शेते, विखुरलेले धोंडे आणि तिंडिवनमकडून आलेला रस्ता दूरवर दिसत राहतो.

शब्दार्थ : उतारा – विषाचा परिणाम नाहीसा करणारे औषध, अंमल – सत्ता, अदब – आदराची वागणूक, पिछाडी – मागील बाजू, घळ – डोंगरातील खोल, अरुंद भेग.