भाव काय चाललाय? – बेटिंगच्या भाषेची तोंडओळख

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी फक्त थर्ड लँग्वेज होती. त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. दुसरं म्हणजे, हा विषय कॉलेजच्या अंकात घ्यायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मी कच्चा मजकूर आमच्या मॅडमना नेऊन दिला. त्यांनी शांतपणे वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "हे तू एम-थ्रीच्या पेपरात का नाही लिहिलंस?" (एम-थ्रीचे माझे मार्क कृपया विचारू नका.)

तर आयपीएलच्या दिवसांत आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये जो बसलाय त्याच्या कानावर हे शब्द पडलेले असणारच. "भाव काय चाललाय?" "बेचाळीस-चव्वेचाळीस." "सेशन घेतलं का?" "आयडी कोणाकडे आहे?" फर्स्ट इयरला मला वाटायचं की ही मुलं कांदा-बटाट्याच्या मार्केटबद्दल बोलतायत. पण विचारायची लाज वाटायची, म्हणून मी नुसती मान डोलवायचो. ही मान डोलवायची सवय मला पुढे चांगलीच महागात पडली. ते शेवटी सांगतो, आधी शब्द.

सगळ्यात मुख्य शब्द म्हणजे ऑड्स. आपल्याकडे त्याला सरळ 'भाव' म्हणतात आणि तो शब्द जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत आहे, कारण ती खरंच विकायची किंमत असते. भाव लिहायच्या पद्धती वेगवेगळ्या. इंग्लंडमध्ये जुनी पद्धत अपूर्णांकाची. '५-२' म्हणजे तुम्ही २ लावले आणि जिंकलात तर ५ नफा, शिवाय तुमचे २ परत. युरोपात आणि बहुतेक वेबसाइटवर दशांश पद्धत असते. तिथे हाच भाव ३.५० असा दिसतो, म्हणजे एका रुपयाचे एकूण साडेतीन हातात, त्यात तुमचा मूळ रुपया धरून. अमेरिकेत अधिक-उणे चिन्हं लावतात. अधिक २५० म्हणजे १०० लावून २५० नफा, उणे १५० म्हणजे १०० नफा हवा असेल तर १५० लावा. तुम्ही जी रक्कम लावता तिला स्टेक म्हणतात. ज्याची जिंकायची शक्यता जास्त समजली जाते तो फेव्हरिट, त्याचा भाव कमी. उरलेला अंडरडॉग, त्याचा भाव जास्त.

क्रिकेटच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला भाव म्हणजे ५००-१. जुलै १९८१, हेडिंग्ले कसोटी. फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडची अवस्था इतकी वाईट होती की त्यांच्या विजयाला हा भाव लागला आणि तो मैदानावरच्या स्कोअरबोर्डवर झळकला. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने चक्क प्रतिस्पर्धी इंग्लंडवर १० पौंड लावले, यष्टिरक्षक रॉड मार्शने ५. पुढे बोथमने नाबाद १४९ केल्या, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया १११ मध्ये गुंडाळली गेली आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. लिलीला ५,००० आणि मार्शला २,५०० पौंड मिळाले! आपण मुद्दाम हरलो नाही हे दोघं नंतर आयुष्यभर सांगत राहिले. आज एखाद्या खेळाडूने असं केलं तर त्याचं करिअरच संपेल.

आता इंजिनिअरने विचारायचा प्रश्न. ५००-१ या भावात किती शक्यता दडलेली आहे? एकाला ५०१ ने भागा. ०.२ टक्के. यालाच इम्प्लाइड प्रॉबॅबिलिटी म्हणतात. दशांश भाव असेल तर काम आणखी सोपं, एकाला त्या भावाने भागायचं. २.०० म्हणजे ५० टक्के, ४.०० म्हणजे २५ टक्के.

आणि इथेच या सगळ्या धंद्याची किल्ली आहे. टॉसचं उदाहरण घेऊ. छापा किंवा काटा, दोन्ही ५० टक्के. म्हणजे न्याय्य भाव दोन्हीकडे २.००. पण बाजारात तो १.९० मिळतो, हॉस्टेलच्या भाषेत 'नव्वद पैसे'. एकाला १.९० ने भागलं की ५२.६३ टक्के येतात. दोन्ही बाजूंची बेरीज १०५.२६. जगातल्या सगळ्या शक्यतांची बेरीज १०० व्हायला पाहिजे, मग हे वरचे ५.२६ आले कुठून? याला ओव्हरराउंड म्हणतात आणि हाच बुकीचा पगार. शंभर रुपयांच्या शंभर बेट लावल्या तर तुमच्या हातातून १०,००० फिरतात आणि सरासरीने ९,५०० परत येतात. कोण जिंकतं याची बुकीला चिंताच नाही. दोन्ही बाजूंना सारखे पैसे आले की तो मॅच बंद करून झोपू शकतो.

मुंबईच्या सट्टेबाजारातली भाषा याहून मजेशीर आहे. तिथे भाव पैशांत बोलतात आणि फक्त फेव्हरिटचा बोलतात. 'बेचाळीस-चव्वेचाळीस' म्हणजे दोन आकडे, दोन कामं. ४२ वर 'लगाई', म्हणजे फेव्हरिट जिंकेल म्हणून १,००० लावलेत तर ४२० नफा. ४४ वर 'खाई', म्हणजे फेव्हरिट हरेल असं तुमचं म्हणणं. तो हरला तर तुम्हाला १,०००, जिंकला तर तुमच्या खिशातून ४४० जातात. २००० साली इंग्लंडमध्ये बेटफेअर सुरू झालं, तिथे याच दोन गोष्टींना बॅक आणि ले म्हणतात. म्हणजे आपल्याकडच्या लगाई-खाईचंच साहेबी रूप! हिशेब केला तर ४२-४४ मध्ये ओव्हरराउंड जेमतेम एक टक्का निघतो. म्हणूनच लोकांना वाटतं की यात काही जात नाही.

पण खरी कमाई 'सेशन'मध्ये असते. सेशन म्हणजे पहिल्या सहा किंवा दहा ओव्हरमध्ये किती रन होतील यावर लावायचं. भाव असतो ४८-५०. 'येस' म्हणालात तर ५० किंवा जास्त झाले पाहिजेत, 'नो' म्हणालात तर ४७ किंवा कमी. आणि नेमके ४८ किंवा ४९ झाले तर? दोघंही हरले. ही मधली दोन रनांची फट बुकीची. लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' हे शब्द सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहेतच, पण आपल्या विंगमध्ये ज्याच्याकडे पेटी आहे ती कपड्यांची आहे.

बाकीचे शब्द पटापट सांगतो. हँडिकॅप म्हणजे तगड्या संघाला आधीच काही गोल किंवा रन वजा देऊन लढत बरोबरीची करणं. ओव्हर-अंडर म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या वर की खाली. व्हॉइड म्हणजे मॅच पावसात गेली, पैसे परत. पंटर म्हणजे लावणारा, म्हणजे गिऱ्हाईक. एक शब्द मात्र सावकाश समजून घ्या, अॅक्युम्युलेटर. चार बेट एकाला एक जोडायच्या, चारही बरोबर आल्या तरच पैसे. शंभराचे १,३०३ होतात असं दिसतं (१.९० चा चौथा घात, कॅल्क्युलेटरवर बघा) आणि डोळे चमकतात. पण चार टॉस ओळीने बरोबर येण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे न्याय्य रक्कम १,६००. एका बेटवर बुकीचा वाटा ५ टक्के होता, चार जोडल्यावर तो साडेअठरा टक्के झाला. जितकी लांब साखळी, तितकी त्याची दिवाळी.

रेसकोर्सवरची पद्धत वेगळी आहे आणि आपल्या ब्रँचच्या लोकांनी ती जरूर वाचावी. तिथे बुकी असतात तसं 'टोट'ही असतं. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, त्यातून टॅक्स आणि क्लबचा वाटा कापायचा, उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटायचे. भाव कोणी ठरवत नाही, लोकांच्या पैशानेच तो ठरतो. त्यामुळे तिकीट काढताना शेवटचा भाव तुम्हाला माहीतच नसतो. शेवटच्या मिनिटाला सगळ्या खिडक्यांचा हिशेब जुळवणार कोण? जॉर्ज ज्युलियस नावाच्या इंजिनिअरने मतमोजणीसाठी एक यंत्र बनवलं होतं. सरकारला ते नको होतं, मग त्याने तेच रेसकडे वळवलं. १९१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर त्याचं पहिलं टोटलायझेटर बसलं. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी गिअर, चाकं, वायर आणि वजनं यांवर चालणारी बेरीज! मेकॅनिकलवाल्यांनो, प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडू नका.

कायद्याचंही दोन ओळीत. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये म्हटलं, म्हणून महालक्ष्मीला आणि पुण्याला तिकीट खिडकीवर मिळतं. क्रिकेटला ती सवलत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० आहेच, पैजेचे पैसे कोर्टात जाऊन वसूल करता येत नाहीत. म्हणजे 'आयडी'वाल्याने तुमचा नंबर ब्लॉक केला की विषय संपला. (आयडी म्हणजे कोणीतरी मोबाइलवर पाठवलेलं लॉगिन. त्याचा मालक कोण, ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.)

आता शेवटचा शब्द, मार्टिंगेल. अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली ही युक्ती. हरलात की स्टेक दुप्पट करा. कधीतरी जिंकालच, तेव्हा मागचं सगळं वसूल आणि वर पहिल्या स्टेकएवढा नफा.

आमच्या विंगमधला एक मित्र सेकंड इयरला माझ्याकडे आला. म्हणाला, "तुझं मॅथ्स बरं आहे, टॉसवर लावायची एक शीट बनवून दे ना." दहा मिनिटांत एक्सेलमध्ये करून दिली. १००, २००, ४००, ८००, १६००. प्रत्येक ओळीच्या शेवटी नफा बरोबर १००. फार सुंदर दिसत होती. करताना तो म्हणाला होता, "नव्वद पैसे भाव आहे हां." मी मान डोलवली. नव्वद पैसे म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. टॉस म्हणजे ५०-५०, म्हणजे दुप्पट, असं धरून मी सी-टू मध्ये २.०० टाकलं.

पहिले काही दिवस सगळं छान चाललं. शंभराऐवजी कधी ९० सुटायचे, कधी ८०, पण जिंकणाऱ्याला फरक दिसत नाही. आम्हाला दोनदा मिसळ मिळाली. मग ओळीने पाच टॉस चुकले. ३,१०० गेले. सहाव्याला शीटप्रमाणे ३,२०० पाहिजे होते. २,००० मी दिले, बाकीचे त्याने मेसच्या ॲडव्हान्समधून काढले. आणि तो टॉस तो जिंकला! विंगमध्ये आरडाओरडा झाला. रात्री तो माझ्या रूममध्ये आला, मोबाइल पुढे केला. "जिंकलो ना आपण? मग २२० कमी कसे?"

१.९० ने करून बघा. सहाव्या बेटचा नफा २,८८०, आधी गेलेले ३,१००. २२० चा तोटा. खरं तर पाचव्या बेटपासूनच, जिंकलं तरी हातात तोटाच राहतो. माझी शीट एका सेलमुळे चूक होती. मी ते त्याला त्याच रात्री सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

मी बघेपर्यंत त्याने ते २२० भरून काढायला शंभराऐवजी ५०० पासून सुरुवात केली. ५००, १,०००, २,०००, ४,०००. चारही गेले. ७,५०० रुपये. त्यात मेसचे होते आणि माझे दोन हजारही. त्याचं मेस कार्ड बंद झालं. महिनाभर तो गेटवरच्या वडापाववर होता आणि रूमवर विचारलं की "डाएट चालू आहे" म्हणायचा. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली तेव्हा मी घरी फोन करून बाबांना सांगितलं की प्रोजेक्टचे पार्ट घ्यायचेत. त्यांनी किती हवेत एवढंच विचारलं.

नंतर मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ७४ सामन्यांचा सीझन धरला, प्रत्येक टॉसवर एक बेट. कुठेतरी ओळीने पाच चुकण्याची शक्यता आली सुमारे ७० टक्के. आम्ही दोघं ज्याला 'बॅड लक' म्हणत होतो ते हे.

शीट मी डिलीट केलेली नाही. सी-टू मध्ये आता १.९० आहे आणि पाचव्या ओळीपासून खालचे सगळे आकडे लाल दिसतात. ज्याला हवी असेल त्याने पेनड्राइव्ह घेऊन यावं. मित्राने हा लेख छापायच्या आधी वाचलाय, त्याने फक्त वडापावची जागा बदलायला सांगितली, ती मी बदललेली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला तो मला ५०० रुपये देतो. बाबांना सांगायचं अजून बाकी आहे. अंक घरी पोस्टाने जातो, त्यामुळे त्याआधीच्या रविवारी घरी जाऊन यायचं ठरवलंय.