आधी विचार, कोणता कायदा?

पोरी, काशीतल्या दूधविनायकाच्या या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. वाडे सामाईक आणि वारस पुण्या-इंदुरापर्यंत पांगलेले. वाटणी, भाडं, दत्तक यांचे प्रश्न आपल्या दारी येतच राहणार. म्हणून माझा एक कानमंत्र जप: कायदा काय म्हणतो हे विचारण्याआधी कोणता कायदा लागतो ते विचार.

पहिलं, दिवाणी आणि फौजदारी यांची गल्लत करू नकोस. घरात हक्क कुणाचा, उसने पैसे कुणी फेडायचे, हे दिवाणी न्यायालय ठरवतं. काकांनी वाटा नाकारला तर दरोगा तो मिळवून देणार नाही. तुझी खोटी सही कुणी ठोकली, तर मात्र सरळ ठाण्यात जा आणि तक्रारीची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नकोस. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्यांना १८६० ची दंड संहिता.

दुसरं, कायदा दिल्लीचा की लखनौचा ते बघ. घर विकलं तर दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्यानं नोंदवायचा, तो केंद्राचा. भाडेकरूचा विषय राज्याचा. इथं उत्तर प्रदेशाचा २०२१ चा भाडेकायदा चालतो. पुण्याचे मामा महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यावरून सल्ला देतील, तो प्रेमानं ऐक, पण त्यावर विसंबून नोटीस धाडू नकोस. शेती असेल तर तिचा वारसा इथल्या राजस्व संहितेनं ठरतो. तिथला वारसांचा क्रम घराच्या वारसांहून निराळा आहे.

तिसरं, लग्न, वारसा, दत्तक यांचा व्यक्तिगत कायदा. यात आपल्या काशीकर मराठ्यांचा मोठा वाटा आहे. पैठणहून इथं आलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ रचला आणि पुढं इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो प्रमाण मानला. काशीच्या संप्रदायात ‘मिताक्षरा’ या ग्रंथाच्या जोडीला ‘वीरमित्रोदय’ चाले. घराणं दुसऱ्या प्रांतात गेलं तरी मूळ प्रांताचा धर्मशास्त्रीय कायदा त्याच्यासोबत गेला, असं न्यायालयं धरून चालत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं हे भेद बहुतेक मिटवले. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. संसदेचा शब्द आणि न्यायालयाचा निकाल, दोन्ही मिळून कायदा होतो. २० डिसेंबर २००४ आधी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही. तेव्हा ‘आपल्यात मुलींना वाटा नसतो’ असं कुणी म्हणालं, तर आधी वाटणीचा कागद मागायचा. हक्कसोडपत्रावर सही करायची घाई नको.

चौथं, रूढी. ती सिद्ध करता आली तरच कामाची. १९५६ च्या दत्तक कायद्यानुसार पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला दत्तक घेता येत नाही, पण तशी रूढी असेल तर चालतं. प्रौढ, विवाहित मुलगाही दत्तक घेण्याची महाराष्ट्रातली रूढी न्यायालयांनी मानली आहे. मात्र उत्तर प्रदेशात १ जानेवारी १९७७ पासूनचं दत्तक सिद्ध करायला नोंदवलेलं दत्तकपत्रच लागतं. होम झाला, फोटो निघाले, जेवणावळ उठली, एवढ्यावर न्यायालय ऐकणार नाही. एकच दत्तक केंद्राचा कायदा, मराठी रूढी आणि राज्याची दुरुस्ती अशा तिन्हींवर तपासून बघावं लागतं.

शेवटचं, वकिलाची फी नाही म्हणून हक्कावर पाणी सोडू नकोस. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. कचहरीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. जाताना वंशावळ, जुने दस्त आणि मृत्यूचे दाखले बरोबर ने. कुठला कायदा लागतो, हे या कागदांवरच्या तारखाच सांगतात.