उचललं, मग पुढं?

अकोला

चि. गुड्डी,

ताईनं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुझ्या ग्रुपनं धामणगावात कुत्री सोडवायचं आणि त्यांना घरं मिळवून द्यायचं काम आता रोजचंच धरलं आहे आणि घरामागच्या टिनाच्या शेडात पिल्लांची गर्दी झाली आहे. दुसरी गोष्ट ती जाता जाता बोलली. एका पिल्लाचा दात तुझ्या बोटाला लागला आणि तू "एवढंसं तर आहे" म्हणून नळाखाली हात धरून मोकळी झालीस. पहिल्या गोष्टीवर मला पुष्कळ बोलायचं आहे, त्यात कौतुकही आहे. पण झोप उडवली ती दुसरीनं, म्हणून आधी तीच. इंजेक्शन घेतलंस का? घेतलं नसशील तर हे पत्र इथंच ठेव, सरकारी दवाखान्यात जा आणि आल्यावर पुढचं वाच. चावल्यापासून रेबीजची लक्षणं दिसेपर्यंत सहसा दोन-तीन महिने जातात. कधी आठवड्यात दिसतात, कधी वर्षही लागतं. एकदा दिसली की डॉक्टरच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. पिल्लाला कुठून येणार रेबीज, असं तू म्हणशील. तुमच्या शेडातलं पिल्लू कोणत्या उकिरड्यावरून आलं, तिथं त्याला किंवा त्याच्या आईला कोण चावून गेलं होतं, याची नोंद तुमच्याकडे आहे का? नसेल, तर ओरखडासुद्धा चावाच धरायचा. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. चुना, हळद, तिखट यांतलं काही लावायचं नाही, शेजारची म्हातारी कितीही आग्रहानं सांगो. लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोबुलिनही लागतं, ते डॉक्टरला विचारून घे. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याचा जमाना केव्हाच गेला, ते कारण पुढं करू नको. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतील, पण ते दहा दिवस लस न घेता बसून काढायचे नाहीत.

मी हे एवढं उगाळतो आहे त्याला आणखी एक कारण आहे. समोर तडफडणारा जीव दिसला की बाकी सगळं हिशेबातून वगळायचं, अगदी स्वतःचा जीवसुद्धा, ही सवय चांगल्या मनाच्या माणसाला फार लवकर लागते. तुझ्या बोटाच्या बाबतीत ती दिसली. तुमच्या सगळ्या कामातही तीच शिरली असावी, अशी मला शंका आहे. तुम्ही उचलता. उचलल्यानंतरच्या आठ महिन्यांचा विचार कोण करतं? तुम्ही किती कुत्री उचलली हा आकडा लोकांना सांगायला सोपा असतो, त्यावर शाबासकीही मिळते, पण त्यावरून गावातल्या कुत्र्यांचं काय झालं हे काहीच कळत नाही. मादी साधारण दोन महिन्यांत विते, वर्षातून दोनदा माजावर येते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. तुम्ही जिनिंगच्या भिंतीआडून पाच पिल्लं उचलली, त्यांना घरं शोधायला महिनाभर पायपीट केली, त्यातली दोन वाचली नाहीत, आणि त्यांची आई तिथंच राहिली. पुढच्या वेळी त्याच भिंतीआड पुन्हा पाच. पिल्लं उचलणाऱ्यांनी जर त्यांच्या आईचं ऑपरेशन करून घेतलं नसेल, तर त्यांनी पुढच्या सालाचं काम स्वतःच पेरून ठेवलं असं मी म्हणेन. पाच पिल्लांना घर शोधण्यापेक्षा एका मादीची नसबंदी अवघड असते हे मला कळतं. ती सहज हाती लागत नाही, जाळी लागते, मुसकं लागतं, ऑपरेशननंतर टाके सुकेपर्यंत तिला कोंडून सांभाळावं लागतं आणि मग जिथून आणली तिथंच सोडावं लागतं. कानाला खूण केलेल्या मादीचा फोटो पाहून कुणाचं मन पिल्लाच्या फोटोसारखं द्रवत नाही, हे आणखी वेगळंच. तरी काम तेच आहे.

शेडाबद्दल मला जास्त काळजी वाटते. वेगवेगळ्या ठिकाणची, लस न झालेली पिल्लं एका छपराखाली ठेवली की पार्व्हो आलाच म्हणून समज. एकाच्या पोटातून तो सगळ्यांत जातो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणजे ही पिल्लं गेल्यावर तिथं येणाऱ्या पुढच्या पिल्लांसाठीही ती जागा घातकच. डिस्टेंपरही एकापासून दुसऱ्याला लागतो. त्यातल्या झटक्यांना लोक पिसाळणं समजतात आणि मग काठ्या निघतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडलं तर ते अशक्त राहतं, खेळता खेळता किती जोरानं चावायचं हे शिकत नाही आणि नव्या घरी जाऊन लेकरालाच चावतं. मग ते घर त्याला परत रस्त्यावर आणून सोडतं. म्हणून सापडलेल्या पिल्लाची आई जवळपास जिवंत असेल, जागा अगदीच रुळांच्या कडेची नसेल, तर पिल्लू तिथंच राहू दे आणि आईला खायला घाल. मुंबईची द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही १९८५ पासूनची संस्था आपल्या स्वयंसेवकांना रस्त्यावरच प्रथमोपचार करायला शिकवते, त्यात शहाणपण आहे. अळ्या पडलेली जखम, खरूज, गोचीड, यांतलं बरंचसं जागेवर रोज जाऊन बरं होतं. जनावर आपल्या गल्लीत राहतं, त्याची जागा दुसरं घेत नाही आणि तुमच्या शेडात एक कमी होतं. रेल्वेखाली पाय गेलेलं, मोटारसायकलनं कंबर मोडलेलं, डोळे न उघडलेलं आणि आई मेलेलं, अशांनाच छप्पर. तेही किती, हे आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. जागा भरली की भरली.

इथं तुझं उत्तर मला ऐकू येतं आहे. मामा, डोळ्यांसमोर जीव जातो आहे आणि तुम्ही हिशेब सांगता? सांगतो. कारण तुमचा ग्रुप चार-पाच पोट्ट्यांचा आहे, डॉक्टर एक, गाडी बहुधा कुणाच्या तरी बापाची आणि पैसे तुमच्या खिशातले. एवढ्या बळावर सगळं उचलणारा ग्रुप सहा महिन्यांत मोडतो, आणि तो मोडला की शेडातली सगळीच रस्त्यावर येतात, आधीपेक्षा वाईट अवस्थेत, कारण आता त्यांना स्वतःचं शोधून खायची सवय उरलेली नसते. नाही म्हणणं हे दुष्टपणाचं नाही. ज्याला आज हो म्हटलं त्याला दिलेला शब्द पाळण्याची ती एकच रीत आहे. वर्ध्याला जायला तुला एक गाडी पुरते. तिथं पिपरी मेघेला पीपल फॉर ॲनिमल्सचा करुणाश्रम आहे. एक दिवस जा, काम करू नको, फक्त बघ. आलेलं जनावर आधी कुठं ठेवतात, नोंद कशी करतात, सोडायचं कधी ठरवतात, एवढं विचारून ये.

घर देण्याच्या बाबतीत आपल्या भागाचं एक वेगळंच प्रकरण आहे. शहरात लोक लॅब्रा मागतात, तुमच्याकडे कास्तकार येतात. रोही आणि रानडुकरं रातोरात वावर साफ करतात, म्हणून राखणीला कुत्रं हवं असतं. मागणी खरी आहे आणि जनावर तिथं सुखात राहूही शकतं. पण द्यायच्या आधी चार गोष्टी विचार. रात्री वावरात माणूस असतो का, की एकटं कुत्रं साखळीला? मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा सावली आणि पाणी कुठून? बिबट त्या बाजूला दिसतो का? पीक निघाल्यावर कुत्र्याचं काय? शेवटच्या प्रश्नाला जो गडबडला त्याला देऊ नको, मग तो कितीही ओळखीचा असो, आपल्या नात्यातला असला तरी. आणि मादी नको म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नको. ऑपरेशन करूनच दे, म्हणजे त्यांचं कारणच संपतं. हमीपत्र लिहून घेता, ते ठीक. पण १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात जनावर टाकून देणं गुन्हा असला तरी पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. चहा-नाश्त्याचे पैसे. तेव्हा हमीपत्रामागचा खरा धाक म्हणजे तुमचा फोन. पहिल्या आठवड्यात, महिन्यानं, उन्हाळ्यात, आणि त्या घरात लग्न किंवा बदली असेल तेव्हा. फोनवर फोटो मागण्यापेक्षा एकदा जाऊन यावं. आणि परत घ्यायची वेळ आली तर तोंड वाकडं न करता घ्यावं, नाहीतर पुढच्या वेळी ते कुणाला न सांगता सोडून देतील.

दुसरी बाजूही ऐकून घे, कारण ती तुला बाजारात, नगर परिषदेत, कदाचित घरातही ऐकवली जाते. इथं कास्तकार मरतो आहे आणि ह्यांना कुत्र्यांचा पुळका. हे ऐकून चिडू नको. त्या माणसाच्या बोलण्यात तथ्य आहे, फक्त त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या शंभर घटनांतल्या नव्व्याण्णव कुत्र्यांमुळे होतात. त्यातले मृत्यू बहुतेक गरिबांचे असतात, आणि पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर ज्यांना चावतं त्यांच्यात शेकडा चाळीस पंधरा वर्षांखालची लेकरं असतात. जगातल्या अशा मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्या भारतात. हे थांबवायला कुत्री मारून उपयोग होत नाही. आमच्या तरुणपणी नगरपालिका गल्लोगल्ली विष घालत, सकाळी गाडी येऊन प्रेतं उचलून नेई, आणि आम्ही शिकलेली माणसं दार लावून घरात बसत होतो. मुंबई महापालिकेनं १९९४ मध्ये मारणं सोडून नसबंदीची वाट धरली, ती मारून मारून कुत्री कमी होत नाहीत हे कळल्यावरच. गावातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तू एखाद्या वेटाळातल्या कुत्र्यांना लस देतेस तेव्हा शाळेत पायी जाणाऱ्या त्याच कास्तकाराच्या पोराला वाचवतेस. हे त्या माणसाला सांग, आवाज न चढवता. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे आणि मुक्या प्राण्यांना अभयही आहे. आपल्याच मुलखातल्या त्या माणसाला ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येताना दिसल्या नाहीत.

आता कोर्टाचं. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांबद्दलचा आपला आधीचा आदेश सौम्य केला. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं, पिसाळलेलं किंवा अंगावर धावणारं नसेल तर, त्याच्या जागी परत सोडायचं, आणि खायला घालायचं ते स्थानिक संस्थेनं ठरवलेल्या ठिकाणीच. मग ७ नोव्हेंबरच्या आदेशानं शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायला आणि परत तिथं न सोडायला सांगितलं. धामणगावाच्या तर नावातच रेल्वे आहे. फलाटावरची कुत्री हलवा म्हणून लोक तुमच्याकडे बोट दाखवतील आणि तू ती घरी आणशील, ही मला भीती आहे. आणू नको. ती जबाबदारी कायद्यानं स्थानिक प्रशासनावर आहे. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदीचा कार्यक्रम नगर परिषदेनं स्वतः किंवा केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून करायचा असतो, कुणी हौशी मंडळींनी शेडात टेबल टाकून नव्हे. तुम्ही मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या: अमुक वेटाळात इतक्या माद्या, इतक्यांना खूण आहे, इतक्यांना नाही. पोच घ्या. महिन्यानं पुन्हा जा. कुत्र्यांची अशी यादी ऑफिसात बहुधा कुणाकडेच नसते, तुमच्याकडे असली तर तुम्हाला खुर्ची मिळेल. हे काम रटाळ आहे. जखम धुण्यात जे समाधान मिळतं ते आवक-जावकच्या टेबलासमोर उभं राहून मिळत नाही.

जास्त झालं असेल. ताईला मी म्हटलं होतं की पोरीला रागावणार नाही, आणि बघ काय लिहून बसलो. तू रागावू नको. तुझ्या वयात लोक मोबाईलवर हळहळून पुढं सरकतात, तू हात घालतेस, आणि त्या हाताचीच काळजी मला आहे. म्हणून पुन्हा तेच, चिडलीस तरी. उरलेले डोस चुकवू नको आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला चावायच्या आधी घ्यायची लस घ्यायला लाव. ती घेतलेली असली की पुढं कधी चावलं तर दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोबुलिनही लागत नाही. खर्चाचं मी बघतो, सगळ्यांचा. रात्री दहानंतर फोन बंद ठेव. जे पहाटे मरायचं ते तू जागी राहिलीस तरी मरेल, आणि मेलं तर त्यात तुझा दोष शोधत बसू नको. कितीही नीट केलं तरी काही जातातच, त्यांचं रडू येऊ दे, पण दुसऱ्या दिवशी जेवून घराबाहेर पड. संक्रांतीला इकडे ये. एक दिवस ग्रुप तुझ्याविना चालतो का तेही कळेल. स्वेटरला कुत्र्याचे केस असले तरी तुझी मामी काही म्हणणार नाही, मी आधीच सांगून ठेवलं आहे.

तुझा
मामा