पुरेसे म्हणजे किती?



अर्थव्यवस्था दरवर्षी 7 टक्क्यांनी वाढावी, असे आपण सहज म्हणतो. या वेगाने ती दहा वर्षांत दुप्पट आणि शंभर वर्षांत 860 पटींहून मोठी होईल. पृथ्वी मात्र तेवढीच राहील. ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालाने 1972 साली हेच मांडले, तेव्हा अनेक अर्थतज्ज्ञ त्यावर तुटून पडले.

अॅरिस्टॉटलने फार पूर्वी भेद केला होता : घर चालवण्यापुरते मिळवण्याला मर्यादा असते, पैशासाठी पैसा मिळवण्याला नसते.

वसईकरांना हे विहिरीवरून कळेल. किनाऱ्यालगत गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पावसात मुरते तेवढेच उपसले तर विहीर गोडी राहते, पंपाने जास्त ओढले की खारे पाणी आत शिरते. आपली बावखले पाणी मुरवतात. बावखल बुजवून इमारत उभी राहिली की देशाच्या हिशेबात उत्पन्न वाढते. मग टँकरला मोजलेले पैसेही त्याच जमेत! गेलेले पाणी कुठल्याच वहीत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ (2015, परिच्छेद 193) मध्ये जगाच्या काही भागांनी कमी वाढ स्वीकारावी, म्हणजे इतरांना निकोप वाढीसाठी साधने मिळतील, असे म्हटले आहे. गरिबाने अंधारात राहावे असा याचा अर्थ मुळीच नाही.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी निर्गम 16 वाचावा. साठवलेल्या मान्नाचे सकाळी काय झाले ते मुलांना विचारा. आणि आपल्या आळीत किती बावखले उरली आहेत, तेही मोजा.