गाण्यातली फुले, दारातली फुले

आमच्या निवासी शाळेत सकाळच्या वंदनेला फुले लागतात आणि ती आणून ठेवण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडे असते. बहुधा कुंपणाची तगर असते, कधी जास्वंद, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोगरा. वंदनेत पुष्पपूजेची पाली गाथा म्हटली जाते. हे फूल जसे कोमेजून जाईल, तसाच हा देहही नाश पावणारा आहे, असा तिचा आशय. त्यानंतर तासा-दीड तासाने तीच मुले संगीताच्या वर्गात ‘मोगरा फुलला’ म्हणतात. तेथे फूल कोमेजण्याचे नावच नाही. वेल वाढतच जाते. सातवीच्या एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, “सर, मग खरे कोणते?” त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढील टिपण त्या प्रश्नातून झाले आहे.

‘मोगरा फुलला’ ही रचना ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे. हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लता मंगेशकर यांचा स्वर यांमुळे ती घरोघर पोहोचली. दाराशी लावलेले लहानसे रोप गगनाला भिडते आणि फुले वेचावीत तसतशा कळ्या अधिकच येतात, अशी तिची कल्पना. ही अतिशयोक्ती आहे, असे आम्ही वर्गात सांगत होतो. गजरे विकणाऱ्या एका घरातील मुलाने आम्हांस थांबवले. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून झाड छाटावे लागते. कळ्या सकाळी मिटलेल्याच तोडायच्या, म्हणजे संध्याकाळी गजऱ्यात उमलतात, असे त्याने सांगितले. गगनाची गोष्ट सोडली, तर अभंगातील निरीक्षण माळ्याच्या अनुभवाला धरून आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या ओळीचा अर्थ त्या दिवशी आम्हांस आमच्या विद्यार्थ्याने शिकवला, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

‘चाफा बोलेना’ या गीताची जात निराळी. त्याचे कर्ते कवी ‘बी’, म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते (1872–1947). त्यांच्या संग्रहाचे नावच ‘फुलांची ओंजळ’. तो 1934 साली प्रसिद्ध झाला. वसंत प्रभू यांच्या संगीतात लताबाईंनी हे गीत गायिले. रुसलेल्या चाफ्याला बोलते करण्यासाठी त्याच्या संगतीने आंब्याच्या नि केतकीच्या बनांतून केलेली भटकंती त्यात आहे. प्रियकराचा रुसवा म्हणावा की जिवाशिवाचे नाते म्हणावे, याविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांस वाटते, शाळेतल्या मुलांना दोन्ही अर्थ एकदम सांगू नयेत. घर सोडून वसतिगृहात नव्याने आलेले मूल आठ-आठ दिवस बोलत नाही. त्याला हा चाफा आपोआप कळतो.

केतकीचे बन मराठी गाण्यांना फार प्रिय. अशोकजी परांजपे यांचे शब्द, अशोक पत्की यांचे संगीत आणि सुमन कल्याणपूर यांचा आवाज लाभलेले ‘केतकीच्या बनी तिथे नाचला गं मोर’ कोणाला ठाऊक नाही? परंतु खाडीकाठच्या गावांतून येणाऱ्या मुलांना केतकी म्हणजे केवडा, म्हणजे पानांच्या कडेला काटे, हे आधी आठवते. त्या बेटात मोर कसा नाचेल, या त्यांच्या शंकेवर वर्ग बराच वेळ हसला.

‘बहरला पारिजात दारी’ हे ग. दि. माडगूळकरांचे, सुधीर फडके यांच्या संगीतातील, माणिक वर्मा यांनी गायिलेले गीत. झाड सत्यभामेच्या दारात आणि सडा रुक्मिणीच्या अंगणात, हे त्यातील दुखणे. पारिजात रात्री फुलतो नि पहाटे गळतो. गळणे हाच ज्याचा धर्म, त्याच्यावर मालकी सांगणार कोण?

या गाण्यांत फुले वेचणारे हात मात्र क्वचित दिसतात. म्हणून सावित्रीबाई फुले यांच्या 1854 सालच्या ‘काव्यफुले’ची आठवण येथे केलीच पाहिजे. ‘फुले’ हे आडनाव त्या घराण्याला फुलांच्या व्यवसायावरून मिळाले. ‘पिवळा चाफा’, ‘जाईचे फूल’ अशा कविता त्या संग्रहात आहेत. फूल विकून पोट भरणाऱ्या घरातील स्त्रीने फुलावर लिहिणे आणि फूल केवळ केसांत माळणाऱ्याने लिहिणे, यांत अंतर राहणारच.

धम्मपदाचा चौथा वर्ग ‘पुप्फवग्ग’. त्यात सोळा गाथा आहेत. फुलाचा रंग वा गंध न दुखवता मध नेणारा भुंगा, फुलांच्या राशीतून गुंफल्या जाणाऱ्या अनेक माळा, उकिरड्यावर उगवणारे कमळ, ही चित्रे त्यातलीच. चंदन, तगर, मल्लिका यांचा सुवास वाऱ्याविरुद्ध जात नाही, सज्जनाचा जातो, असेही तेथे म्हटले आहे. मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्याच कुळातली. रंग असून गंध नसलेल्या फुलाला आचरणाविना बोललेल्या सुंदर शब्दांची उपमा दिली आहे. हे सांगताच मुलींनी अबोलीची बाजू घेतली: तिला वास नाही, पण ती बोलतच नाही, मग दोष कसला? आम्ही हार मानली.

फूल गळण्याचे गाणे बालवयातच शिकवणारा एक देश आहे. जपानमधील ‘इरोहा’ या जुन्या कवितेत सत्तेचाळीस अक्षरे प्रत्येकी एकदाच येतात आणि आशय फुलांच्या अनित्यतेचा आहे. कित्येक पिढ्या मुळाक्षरांचा क्रम तिच्यावरूनच पाठ करीत. अमेरिकेत पीट सीगर यांनी 1955 साली फुले कोठे गेली असे विचारणारे गीत रचले. त्यात फुले मुलींकडे, मुली तरुणांकडे, तरुण युद्धावर जातात. दोन्ही ठिकाणी फूल कोमेजते आणि तरीही गाणे गायले जाते. त्या मुलीला आम्ही पुढे एवढेच सांगितले की, अभंगातली वेल वाढते तीसुद्धा रोजची फुले वेचली जातात म्हणूनच.

तिने एक वही केली आहे. डाव्या पानावर गाण्यातले फूल, उजव्या पानावर आवारातले. मोगरा, चाफा, पारिजात, जाई यांची पाने भरली. रोज वंदनेला येणाऱ्या तगरीचे डावे पान मात्र कोरे आहे. धम्मपदातली तगर ही सुगंधी मुळांची निराळी वनस्पती, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे तीही तेथे लिहिता येईना. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या आजीला वा आईला तगरीची ओवी येत असल्यास त्यांनी ती शाळेच्या पत्त्यावर अवश्य लिहून पाठवावी. त्या पानावर जागा राखून ठेवली आहे.