अजय आणि पराजय

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ३८ व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सुख-दुःख, लाभ-हानी व जय-अजय समान मानून युद्धास सिद्ध होण्यास सांगतात. तेथे ‘जय’ शब्दाच्या जोडीला ‘पराजय’ नसून ‘अजय’ आहे. व्यवहारात दोहोंचा अर्थ एकच समजला जातो. तथापि शब्दांचा विचार केला असता साधकाला एक उपयुक्त भेद हाती लागतो.

अजय म्हणजे जयाचा अभाव. प्रयत्न केला, परंतु इच्छिलेले फळ मिळाले नाही, एवढेच. पराजयाचे मर्म मात्र व्याकरणात सापडते. पाणिनींनी अष्टाध्यायीत (१.४.२६) ‘परा’ उपसर्ग लागलेल्या ‘जि’ धातूचा एक विशेष प्रयोग सांगितला आहे. त्यात ज्याच्यापासून मनुष्य मागे हटतो, त्याला ‘असोढ’, म्हणजे सहन न होणारे, असे म्हटले आहे. परंपरेतील उदाहरण अध्ययनाचे आहे: अभ्यासाचे कष्ट न सोसल्यामुळे विद्यार्थी त्यापासून परावृत्त होतो. त्याला कोणा शत्रूने जिंकलेले नसते.

पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुनाची हीच स्थिती झाली. त्याला अद्याप एकही घाव लागला नव्हता. तरी धनुष्य टाकून तो रथात बसला. कर्तव्य त्याला असह्य झाले होते. हा अजय नव्हे, पराजय होय.

गृहस्थाश्रमात हा विवेक नित्य हवा. मुलगा परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, हा अजय. त्याने पुस्तक कायमचे मिटले, तर तो पराजय. एखाद्याने वृद्ध पित्याची अखेरपर्यंत शुश्रूषा केली, तरी पिता वाचला नाही. असा पुत्र पुढे वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतो. त्याने जाणावे की, आयुष्य देणे त्याच्या हाती नव्हते. सेवा होती, आणि ती त्याने सोडली नाही. त्याचा पराजय झालेला नाही.

आणि जो खरोखर मागे फिरला, त्याचे काय? त्यानेही अर्जुनाकडे पाहावे. अठराव्या अध्यायातील ७३ व्या श्लोकात तो मोह गेल्याचे सांगून आज्ञापालनास उभा राहतो. त्या उत्तरात विजयाचा उल्लेखही नाही. टाकलेले कर्तव्य पुन्हा हाती घेतले, त्याच क्षणी पराजय संपला. जय-अजय मागाहून यावयाचे ते येवोत.